मागच्या सीटखालची गुणगुण

मित्रांनो, जरा खाली वाका. अजून थोडं. घाबरू नका, आता तुमच्या अंगावर तेल पडायचं नाही. दिसला का मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक काळा लोखंडी गोळा? मी एक जुनी मोटारगाडी आहे आणि माझी सगळी कहाणी त्या गोळ्यापाशी आहे. इतर गाड्या आपली गोष्ट रंगापासून नाहीतर दिव्यांपासून सुरू करतात. करोत बापड्या. मी मागूनच सुरू करणार, कारण माझ्या आयुष्यात जे काही घडलं ते मागेच घडलं.

त्या गोळ्याला डिफरन्शियल म्हणतात. माझं इंजिन पुढे आणि फिरवायची असतात मागची चाकं. म्हणून एक लांब दांडा पोटाखालून फिरत फिरत मागे येतो आणि त्या गोळ्यात शिरतो. आत दातांची चाकं आहेत. ती दांड्याचं फिरणं उजव्या-डाव्या चाकांना वाटून देतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. दोघांत भांडण न लावता वाटणी करायची, हे त्या गोळ्याचं काम. भरल्या घरातली थोरली जाऊ करते ना, अगदी तसंच. आणि थोरल्या जावेसारखंच त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, जोवर सगळं सुरळीत चाललंय तोवर.

हे दात जाड तेलात बुडून राहतात. तेल आहे तोवर ते एकमेकांवरून अलगद सरकतात. तेल संपलं की एकमेकांना खातात.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. पहिल्या मालकाने नव्याची नवलाई होती तोवर मला रोज पुसलं. मग त्याला माझ्यापेक्षा मोठी गाडी मिळाली आणि मी एका भिंतीकडेला धूळ खात उभी राहिले. तिथून मला पेंटरने आणलं. दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. सगळे त्याला पेंटरच म्हणायचे. त्याची बायको घरी शिलाई मशीनवर पडदे शिवायची. माझी दुरुस्ती करणारा गॅरेजवाला मेस्त्री तिला वहिनी म्हणायचा, मी मनातल्या मनात बाई म्हणते. एकेरीत बोलते म्हणून राग मानू नका. घरच्या माणसांना अहो-जाहो करायची मला सवय नाही.

पेंटरला रिकामी जागा दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. त्याने फाटक रंगवलं, शिडी रंगवली, बादल्या रंगवल्या. बायकोच्या मशीनचं पेडलसुद्धा सोडलं नाही, आणि तिने डोक्याला हात लावला. मला तर त्याने पाटीइतक्याच प्रेमाने रंगवलं. एवढ्यावर थांबला असता तर तो पेंटर कसला? वर्षातून एकदा, ओल धरायच्या आधी, तो मला विटांवर चढवायचा, पाठीवर सरपटत माझ्याखाली शिरायचा आणि माझं पोट काळ्या जाड रंगाने रंगवायचा. शेजारी हसायचे. म्हणायचे, गाडीचं पोट कोण बघतंय? तो म्हणायचा, गंज बघतो.

आणि रंगवताना तो गुणगुणायचा. शब्द नाहीत, नुसता एक खालचा सूर. ब्रश लांब ओढला की सूर किंचित चढायचा, ब्रश उचलला की उतरायचा. बाई विचारायची, गाण्याचे शब्द कुठे गेले? तो म्हणायचा, शब्द पाटीवर गेले. माझ्या पत्र्याला तो सूर पाठ झाला होता. तेव्हा माझी ऐट काय वर्णावी! मेस्त्री मला गॅरेजातल्या खड्ड्यावर घ्यायचा आणि इतर गिऱ्हाइकांना खाली बोलवून दाखवायचा, की बघा, गाडी अशी ठेवावी.

आता एक नाजूक गोष्ट सांगते. त्या गोळ्याला लागून जी आडवी नळी आहे, तिच्या वरच्या अंगाला शर्टाच्या बटणाएवढी एक टोपी आहे. तिला ब्रीदर म्हणतात. ते माझं नाक. गाडी पळाली की आतलं तेल तापतं, हवा फुगते आणि त्या नाकातून बाहेर पडते. पेंटरला हे ठाऊक होतं. दर वर्षी तो टोपीवर अंगठा धरायचा आणि तिच्याभोवती गोल ब्रश फिरवायचा.

शेवटच्या वर्षी त्याला बरं नव्हतं. पाठीवर निजलं की धाप लागायची, आणि डोळेही पूर्वीचे राहिले नव्हते. बाई म्हणाली, यंदा राहू द्या. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तो शिरलाच खाली. हात थरथरत होता म्हणून त्याने ब्रश मोठा घेतला, रंग जास्त घेतला. एका कुशीवर होऊन त्याने वरच्या बाजूला अंदाजाने दोन हात मारले. जाड, ओला, काळा रंग माझ्या नाकावर बसला आणि तिथेच वाळला. मी कळवळले. पण आमच्या जातीला आवाज आहे, बोली नाही. पेंटर बाहेर आला, कपाळ पुसलं, माझ्या मडगार्डवर थाप मारली आणि म्हणाला, झालं एकदाचं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याला दवाखान्यात न्यायची वेळ आली. बाईला तेव्हा गाडी चालवता येत नव्हती, म्हणून मेस्त्री चालवायला आला. पेंटरला मागच्या सीटवर, उशीवर डोकं उंच ठेवून, आडवं केलं. सगळी जागा त्यालाच लागली. बाई त्याच्या पायाशी अवघडून बसायला निघाली, तर त्याने हाताने खूण केली, पुढे बस, रस्ता बघ. ती पुढे बसली. मांडीवर कागदांची पिशवी घट्ट धरून काचेतून समोर बघत राहिली. मागून गुणगुण ऐकू येत होती, अगदी बारीक. ती ऐकू येत होती तोवर बाईचा जीव थाऱ्यावर होता.

पूल ओलांडला आणि गुणगुण थांबली. बाईला वाटलं, बरं झालं, डोळा लागला. हलले तर जाग येईल म्हणून तिने मानसुद्धा वळवली नाही. दवाखान्याच्या दारात मेस्त्रीने मागचं दार उघडलं तेव्हा पेंटर गेलेला होता.

माणसं धावली, त्याला आत घेऊन गेली. मी तशीच उभी राहिले. आत तापलेली हवा वाट शोधत होती. नाक बंद, म्हणून ती तेलाला ढकलत होती. जिथे दांडा गोळ्यात शिरतो तिथे रबराची एक कडी असते, ऑइल सील म्हणतात तिला. तिच्या ओठातून एक थेंब फुटला आणि दवाखान्याच्या फरशीवर पडला. माझा पहिला थेंब.

मग माझ्यावर एक जुना पडदा पडला. पडदे शिवणाऱ्या घरात आच्छादनाला काय तोटा? बरेच दिवस मी त्याच्याखाली होते. घरात माणसं यायची, जायची, हळू बोलायची. बाईचं बोलणं मात्र ऐकू येत नव्हतं. शिलाई मशीन तेवढं चालायचं.

एक दिवस तिनेच पडदा ओढून काढला. कापडाचे तागे आणायचे, लोकांच्या खिडक्यांची मापं घ्यायला जायचं, किती दिवस दुसऱ्यांची तोंडं बघणार? ती गाडी शिकली. सुरुवातीला क्लच असा सोडायची की माझे दात खुळखुळायचे. फाटकाला दोनदा धडकलो आम्ही, रंगवलेल्या फाटकाला. पण शिकली. आता तर अशी चालवते, की मेस्त्रीनेही तोंडात बोट घालावं.

फक्त माझ्याखाली फरशीवर डाग पडू लागला. मेस्त्रीने मला खड्ड्यावर घेतलं. माणूस हाताचा चांगला, पण तोंडाचा त्याहून मोठा. माझा हात लागल्यावर थेंब पडला तर नाव बदलीन, म्हणाला. त्याने मला रॉकेलच्या फडक्याने लख्ख पुसलं, गोळ्यावर पावडर भुरभुरली आणि एक फेरी मारून आला. पांढऱ्या पावडरवर तेलाची ओली रेघ उठली होती, बरोबर सीलपाशी. झालं तर मग! हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्याने सील बदललं, तेल भरलं आणि ऐटीत किल्ली दिली.

काही दिवसांनी डाग परत आला. तो म्हणाला, दांड्याला चर पडलाय, सीलचा दोष नाही. त्याने दांड्यावर पातळ बांगडी चढवली, पुन्हा नवं सील बसवलं. पुन्हा डाग. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला! मी ओरडून सांगत होते, अरे बाबा, माझं नाक मोकळं कर. पण माझं ओरडणं म्हणजे आणखी एक थेंब. मेस्त्रीचा चेहरा उतरला. तेल कमी होऊ देऊ नका वहिनी, मधूनमधून येऊन भरून न्या, तोवर मी बघतो काय ते, एवढं म्हणून त्याने विषय मिटवला.

बाईला डागाची एवढी पर्वा नव्हती. तिला वेगळंच काहीतरी सापडलं होतं.

तेल कमी झालं की माझ्या गोळ्यातून आवाज यायला लागायचा. हळू चालवताना नाही, आणि फार जोरात चालवतानाही नाही. चौथा गिअर पडला, रस्ता जरा मोकळा मिळाला, की मागच्या सीटखालून एक खालचा सूर निघायचा. चढाला किंचित चढायचा, उताराला उतरायचा. शब्द नाहीत. पहिल्यांदा तो आला तेव्हा बाईने स्टिअरिंग घट्ट धरलं. तिचे खांदे आखडले. तिने मागे बघितलं नाही. मग कितीतरी वेळाने ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "अहो?"

त्या दिवसापासून बाई माझ्यात बसली की बोलायची. घरात, दुकानात, लोकांच्या दिवाणखान्यात तिच्या तोंडून कामापुरतं निघायचं. पण चौथा गिअर पडला की बांध फुटायचा. कोणत्या गिऱ्हाइकाने माप चुकीचं दिलं, लेकीचा फोन आला, नात आता बोबडं बोलत नाही, गुडघा दुखतो, सगळं सगळं सांगायची. आणि प्रत्येक वेळी, घर जवळ आलं की, एकच वाक्य. त्या दिवशी मी वळून बघितलं नाही हो. तुम्ही माझ्या पाठीमागे एकटेच गेलात. ती थांबायची, उत्तराची वाट बघितल्यासारखी. गुणगुण चालूच राहायची. ती कधीही वळून बघायची नाही. वळलं तर तो आवाज थांबेल, असं तिला वाटायचं.

एकदा मेस्त्रीने तेल भरून दिलं आणि परतीच्या वाटेवर मी गप्प झाले. बाईने गिअर बदलून बघितला, वेग कमी-जास्त करून बघितला. काही नाही. घरी येऊन ती दार न उघडता कितीतरी वेळ आत बसून राहिली. तिला उमगलं. तेल पोटभर असलं की तो येत नाही, उपाशी ठेवली की येतो. तेव्हापासून तिने मेस्त्रीकडे जाणं सोडलं. मेस्त्रीला वाटलं, वहिनींनी दुसरा कोणीतरी गाठला. तोही रुसून बसला.

मित्रांनो, मला सगळं कळत होतं. मागच्या सीटवर कुणी नव्हतं. तिथे फक्त माझे दात एकमेकांना खात होते. त्यांचा बारीक चुरा उरल्यासुरल्या तेलात मिसळत होता. आवाज दिवसेंदिवस भरदार होत होता आणि बाई म्हणायची, आज तुमचा गळा छान लागलाय. मी तिला काय सांगणार? आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचंही. आयुष्यभर मला लोकांनी पुसलं, रंगवलं, दामटलं, पण माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. ती माझ्याशी बोलत नव्हती हे मला माहीत होतं. तरी ऐकायला मीच होते ना! कधीकधी मलाच प्रश्न पडायचा, की हा सूर माझ्या लोखंडाला येतो कसा? इतका हुबेहूब? तेव्हा माझ्या थंड पत्र्यावरही काटा यायचा.

पुढे लेक आली, छोट्या मुलीला घेऊन. आई तापट पण लेक त्याहून तापट, दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नाही आणि दोन घटका पटतही नाही. आल्या आल्या लेकीने माझ्याखाली गळतं तेल झेलायला ठेवलेलं ताट बघितलं. हे काय, मेस्त्रीकाकांना दाखवलंस का? बाई म्हणाली, बघू. लेक म्हणाली, बघू म्हणजे काय? बाईने विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी तिघी बाहेर पडल्या. लेक पुढे, नात मागच्या सीटवर. मोकळा रस्ता आला, चौथा गिअर पडला. मी गप्प राहायचा आटोकाट प्रयत्न केला, पण पोटात तेल नसताना गप्प कसं राहणार?

"आजी," नात म्हणाली, "माझ्या सीटखाली कोण गातंय?"

लेक हसली. अगं, गाडीचा आवाज आहे तो. बाईच्या मानेवरचा घाम मला दिसत होता. नातीने सीटला कान लावला आणि तिला काय वाटलं कोण जाणे, तीही गुणगुणायला लागली. पोरीचा सूर अगदी बरोबर लागला. म्हातारं लोखंड आणि कोवळा गळा, दोघांचं एकच गाणं. लेकीलासुद्धा हसता हसता कसंसंच झालं. तिने काच वर केली.

आम्ही पुलावर आलो. पूल ओलांडला. आणि मागचा तो कोवळा आवाज थांबला.

बाईने करकचून ब्रेक दाबला. भर रस्त्यात. मागच्या गाड्यांचे भोंगे बोंबलायला लागले. लेक पुढे आपटता आपटता वाचली. आणि बाई वळली, मित्रांनो. कमरेतून सबंध वळली, सीटच्या दोन्ही बाजूंना हात टेकून तिने मागे बघितलं.

नात झोपली होती. तोंड अर्धवट उघडं, गालावर सीटच्या शिवणीची खूण, आणि छाती वर-खाली होत होती.

"आई, काय झालं? अगं, काय झालं?" लेक विचारत होती.

"झोपलीय," बाई म्हणाली. "नुसती झोपलीय."

तिने नातीच्या पायाला हात लावून बघितला. तेवढ्यात माझ्या मागच्या बाजूने जळक्या तेलाचा वास वर आला. बाईने तो श्वास भरून घेतला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. त्या आवाजाच्या अगदी वर ती पोर झोपली होती. बाईने गाडी वळवली आणि हळूहळू, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, थेट मेस्त्रीच्या दारात आणली.

मेस्त्री फुरंगटलेलाच होता. आमची आठवण झाली म्हणायची, असं काहीतरी पुटपुटला. गाडी तापलीय, निवू द्या, मग बघतो, म्हणाला. त्याची ती पद्धतच होती. तापलेल्या तेलाने एकदा हात भाजला होता, तेव्हापासून तो गार झाल्याशिवाय कुठलीच गाडी उघडायचा नाही. पण बाई हटून बसली. आत्ता. माझ्यासमोर. तिचा अवतार बघून तो मुकाट्याने पाना घेऊन खड्ड्यात उतरला.

आणि वर उभ्या उभ्या बाईने त्याला सगळं सांगितलं. आवाज कधी येतो, कुणासारखा येतो, तेल भरायला ती का येत नव्हती. लेकीने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, मेस्त्री आता हसणार. तो हसला नाही. त्याने फक्त एवढंच विचारलं, की थेंब कधी पडतात? बाई म्हणाली, उभ्या गाडीखाली सकाळी काही नसतं. जवळपास जाऊन आले तरी नसतं. लांब जाऊन आले की टपटप पडतात, गाडी गार झाली की थांबतात.

मेस्त्रीचा हात थबकला. मग त्याने गोळ्याचं तेल भरायचं बूच सैल केलं. फुस्स करून हवा सुटली, इतक्या जोराने की त्याच्या कपाळावर तेलाचे शिंतोडे उडाले. गार गाडीत ही हवा कधी सापडलीच नसती, आणि तो गार गाडीच उघडत आला होता.

मग बॅटरी दातांत धरून त्याने हात माझ्या आडव्या नळीच्या वरून फिरवला. बोटांना एक टेंगूळ लागलं. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्याने ते खरवडलं. काळ्या रंगाची जाड खपली निघाली, आणि तिच्याखाली माझं नाक होतं. किती दिवसांनी श्वास घेतला मी! तुम्हाला नाही कळायचं ते.

मेस्त्री वर आला. हातावरची खपली त्याने बाईसमोर धरली. तिच्यात ब्रशचा एक केस अडकला होता.

"पेंटरचा हात आहे हा," तो म्हणाला. "मी आपला सील बदलत बसलो. गाडीचा श्वास कोंडला होता, आणि कोंडलेली हवा तेल बाहेर ढकलत होती."

"म्हणजे हेच होते," बाई म्हणाली.

"हात त्यांचा होता, वहिनी. आवाज त्यांचा नाही. दात झिजतायत आतले. अजून थोडे दिवस चालवली असती, तर धावता धावता मागची चाकं जागीच अडकली असती."

बाईने मागच्या सीटकडे बघितलं. नात अजून झोपेतच होती. सील बदलायचं, नवं तेल भरायचं, दात अजून शाबूत आहेत तेवढे वाचतील, मेस्त्री सांगत होता. मग आवाज येणार नाही का, तिने विचारलं. नाही येणार. थोडं कमी भरलं तर? अगदी थोडं? लेक चिडून पुढे आली, पण आईचा चेहरा बघून मागे सरली.

मग बाई ते वाक्य बोलली. माझ्यात बसून शेकडो वेळा बोलली होती, पण जिवंत माणसांपुढे पहिल्यांदाच.

"त्या दिवशी मी वळून बघितलं नाही. माझ्या पाठीमागे ते एकटेच गेले. निदान आता तरी..."

मेस्त्रीने फडक्याला हात पुसायला सुरुवात केली. हात स्वच्छ झाले तरी तो पुसतच राहिला.

"एकटे नाही गेले, वहिनी," तो म्हणाला. "गुणगुण थांबली म्हणून मी आरशात बघितलं होतं. त्यांनी मला ओठावर बोट ठेवून खूण केली, गप्प राहा. मग ते तुमच्याकडे बघत राहिले. तुमच्या मानेकडे, अंबाड्याकडे. शेवटपर्यंत नजर हलली नाही. तुम्ही पुढे रस्ता बघत होता आणि ते तुम्हाला बघत होते. त्यांना तेवढंच हवं होतं."

एवढे दिवस हे सांगितलं का नाही, लेकीने विचारलं. मेस्त्रीने मान खाली घातली. वहिनींनी कधी त्या दिवसाचा विषय काढला नाही. आणि त्या माणसाने ओठावर बोट ठेवलं होतं. मी ते पाळत बसलो. चुकलंच माझं, असं म्हणून त्याने डोळे टिपले, आणि गालाला काळा डाग लागला.

मित्रांनो, आरसा माझाच. पण आरशात दिसलेलं आरशाजवळ राहत नाही, बघणाऱ्याजवळ राहतं. मलाही ते तेव्हाच कळलं.

बाई एका जुन्या टायरवर बसली आणि रडली. पेंटर गेल्यापासून ती रडलीच नव्हती. लेकीने तिचं डोकं पोटाशी धरलं, आणि दोघी तापट बायका एकमेकींना घट्ट धरून कितीतरी वेळ रडल्या. मेस्त्री उगाचच पाने-पकडी आवरत बसला. शेवटी बाईने पदराने तोंड पुसलं.

"भरा," ती म्हणाली. "पूर्ण भरा."

मेस्त्रीने नवं सील बसवलं. ब्रीदर रॉकेलमध्ये धुतला आणि तोंडाने फुंकून बघितला, वारा आरपार गेला. मग तो तेल भरत राहिला, बुचाच्या भोकातून धार बाहेर ओघळेपर्यंत. गोळा काठोकाठ भरल्याची तीच खूण. मग पावडर लावून तो मला लांब फिरवून आला. पावडर पांढरीच राहिली. या वेळी मात्र त्याने फुशारकी मारली नाही.

घरी निघताना बाईने आधी आरसा फिरवला, मागची सीट सबंध दिसेल असा. मग चौथा गिअर पडला. मी गप्प होते. नात जागी झाली होती, तिने सीटला कान लावला आणि विचारलं, "आजी, गाणं कुठे गेलं?"

"गेलं," बाई म्हणाली. "तू माझ्याशी बोल." आणि ती पोर जी बडबडायला लागली ती घर येईपर्यंत थांबली नाही.

आता माझ्याखाली ताट नाही. वेळच्या वेळी तेल बघितलं जातं. लेक आता वरचेवर येते, आणि आल्या आल्या दोघींची जुंपते. बाईही बोलते हल्ली, घरात बोलते, गिऱ्हाइकांशी भांडतेसुद्धा. माझ्याशी मात्र कुणी बोलत नाही. वाईट वाटतं का? वाटतं. मोकळ्या रस्त्यावर चौथा गिअर पडला की माझे दात तेलात बुडून अलगद फिरतात, आणि मीच कान देऊन मागच्या सीटखाली काही ऐकू येतं का बघते. काही येत नाही.

तुम्हाला एवढंच सांगायचं होतं. ज्याच्यावर जीव लावाल त्याला पुसा, रंगवा, जपा, पण त्याच्या श्वासाची जागा तेवढी उघडी ठेवा. कुणाच्या पोटातून बारीकसा आवाज येत असेल, तर तो गोड लागतो म्हणून नुसतं ऐकत बसू नका. त्याचं काय दुखतंय ते विचारा. आणि पाठीमागचा आवाज अचानक थांबला, तर भीतीने मान ताठ करून बसू नका, गाडी थांबवून वळून बघा. बहुतेक वेळा पोर नुसती झोपलेली असते.